चाळिशी गाठलेल्या आरसी गाड्यांची शर्यत भरवताना

जुन्या आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या छोट्या, गाड्यांच्या शर्यतीत आयोजकाचं मुख्य काम म्हणजे गाड्या फार जोरात पळणार नाहीत हे बघणं. नावनोंदणी सुरू झाल्यापासून मी हे दर दुसऱ्या फोनवर समजावून सांगत होतो. "मग शर्यत कसली?" हा प्रश्न ठरलेला. ज्या गाडीचा पुढचा आर्म (चाक धरणारा दांडा) तुटला तर बदली भागासाठी महिनोन्‌महिने वाट बघावी लागते, ती गाडी संध्याकाळी धडधाकट घरी गेली पाहिजे. मोटर, बॅटरी, ट्रॅकची कड, उडीची उंची असे आमचे सगळे निर्णय शेवटी याच एका अटीवर येऊन थांबले.

पहिला वाद पात्रतेचा. १९८९ पर्यंत बाजारात आलेलं मॉडेल चालेल, इथपर्यंत सगळ्यांचं पटकन जमलं. खरी भानगड पुढे होती. कंपन्यांनी त्याच गाड्या पुन्हा काढल्या आहेत, म्हणजे री-रिलीज केल्या आहेत. तामियाची हॉर्नेट मूळ १९८४ ची, ती २००४ मध्ये परत आली. हॉटशॉट १९८५ ची, ती २००७ मध्ये. सँड स्कॉर्चर १९७९ ची, ती २०१० मध्ये. टीम असोसिएटेडची आरसी-१० सुद्धा २०१३ मध्ये 'क्लासिक' म्हणून परत आली. आता ज्याने मूळ गाडी माळ्यावरून काढून, पिवळं पडलेलं प्लास्टिक घासून, झिजलेलं बेअरिंग बदलून उभी केली, त्याच्या शेजारी गेल्या वर्षी खोक्यातून काढलेली कोरी गाडी उभी करायची का?

एक गट म्हणत होता, अजिबात नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं असं की री-रिलीज वगळल्या तर शर्यतीला जेमतेम एका हीटपुरत्या (एका वेळी पळणाऱ्या गटापुरत्या) गाड्या येतील आणि मूळ गाड्यांचे मालक त्या कपाटातून काढणारच नाहीत. मला दुसरी बाजू पटली, आणि कारण भावनेचं नव्हतं. ज्या मूळ गाड्या धावतात त्यातल्या कित्येक आज री-रिलीजच्या सुट्या भागांवरच धावतात. चासिस १९८५ चं, गिअर नवे, टायर नवे. अशा गाडीला मूळ म्हणायचं की नवी, हे तपासणीच्या टेबलावर कोण ठरवणार? म्हणून नियम रचनेवर बेतला: मॉडेल मूळ १९८९ पर्यंतचं हवं, री-रिलीज चालेल, कंपनीने पुन्हा काढताना केलेले बदलही चालतील. तामियाच्या जुन्या फ्रॉगच्या षटकोनी ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकं फिरवणाऱ्या दांड्या) झिजल्या की घसरायच्या. नव्या फ्रॉगमध्ये कंपनीने ती रचनाच बदलली. तो भाग जुन्या फ्रॉगला बसवणाऱ्याला मी अडवणार नव्हतो. उलट त्याचे आभारच मानले असते, कारण घसरणारी ड्राइव्हशाफ्ट म्हणजे ट्रॅकच्या मधोमध थांबलेली गाडी.

वर्ग पाडताना मात्र मी हट्टाला पेटलो. सगळ्या टू-व्हील ड्राइव्ह बग्गी (खडबडीत जमिनीवरच्या, दोनच चाकांना ताकद असलेल्या गाड्या) एकत्र पळवा असा आग्रह होता, कारण वर्ग कमी म्हणजे वेळापत्रक सोपं. पण ग्रासहॉपर आणि आरसी-१० दोन्ही १९८४ च्या असल्या तरी त्यांची जात वेगळी. ग्रासहॉपरला मुळात छोटी ३८० मोटर, मागचा धुरा आणि गिअरबॉक्स एकाच ठोकळ्यात, धक्के शोषणाऱ्या शॉकमध्ये तेल नाही. खड्ड्यावरून गेली की बेडकासारखी उड्या मारत जाते. आरसी-१० ला सोनेरी अॅल्युमिनियमचं चासिस, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि तेलाचे शॉक. १९८५ साली पहिली जागतिक ऑफ-रोड स्पर्धा झाली, तिथे टू-व्हील ड्राइव्हचं विजेतेपद याच गाडीने घेतलं. या दोघींना एका हीटमध्ये सोडायचं म्हणजे ग्रासहॉपरवाल्याला पाच मिनिटं फक्त वाट द्यायला उभं करायचं. म्हणून ग्रासहॉपर, हॉर्नेट, फ्रॉग एका वर्गात. आरसी-१०, क्योशोची अल्टिमा, लोसीची जेआरएक्स-२ दुसऱ्यात. आणि फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे हॉटशॉट, बूमरँग, ऑप्टिमा, शूमाकरची कॅट, तिसऱ्यात. वेळापत्रक लांबलं. लांबू दे म्हटलं.

मोटरचा नियम लिहायला एक ओळ लागली आणि तो पटवायला सगळ्यात जास्त वेळ. पहिल्या आणि तिसऱ्या वर्गात सगळ्यांना तीच साधी चंदेरी ५४० मोटर, २७ टर्नची (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे; ते जितके कमी तितका वेग जास्त). ग्रासहॉपरवाल्यांनाही तीच घ्यायची मुभा दिली, नाहीतर हॉर्नेटपुढे त्यांचा निभाव लागला नसता. मधल्या वर्गात ब्रश मोटर आणि टर्नची खालची मर्यादा. ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेली आजची जोरकस मोटर, कुठेच नाही. ब्रशलेस मोटरला त्या काळच्या गिअरबॉक्समध्ये घालणं म्हणजे गिअरचे तुटलेले दात मोजत बसणं. "पण माझा गिअरबॉक्स स्टीलचा आहे" असं सांगणारे निघाले. खरंही असेल, पण त्याच्या पुढे जी गाडी आहे तिचं बंपर स्टीलचं नाही.

बॅटरीचा प्रश्न नुसता वेगाचा नव्हता, सुरक्षेचा होता, आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात आला नव्हता. या गाड्या सहा सेलच्या ७.२ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम पॅकवर बनलेल्या. आज बहुतेकांकडे दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी), नाममात्र ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. आकडे जवळजवळ सारखे दिसतात. पण लिपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो, फुगतो, पुढच्या चार्जिंगला पेटूही शकतो. आधुनिक इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर व्होल्टेज उतरलं की स्वतः गाडी थांबवतो. जुना यांत्रिक स्पीड कंट्रोलर म्हणजे सर्व्होने (रेडिओच्या इशाऱ्यावर फिरणाऱ्या छोट्या मोटरने) सरकणारा तांब्याचा संपर्क आणि एक रेझिस्टर. त्याला बॅटरीचं काही पडलेलं नसतं. शेवटच्या थेंबापर्यंत ओढतो. म्हणून नियम सरळ केला: यांत्रिक कंट्रोलर असेल तर निकेल-मेटल हायड्राइड पॅकच, लिपो हवी तर कट-ऑफ (व्होल्टेज उतरलं की थांबवण्याची सोय) असलेला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. लिपोला कडक आवरण हवं, चार्जिंग अग्निरोधक पिशवीत आणि चार्जरजवळ माणूस हवाच. जाता जाता, हीट संपल्यावर तापलेल्या त्या रेझिस्टरला हात लावू नका. मार्शलना, म्हणजे ट्रॅकवर उलटलेल्या गाड्या उचलणाऱ्यांना, ही सूचना वेगळी द्यावी लागली, कारण त्यांच्यातल्या तरुणांनी तो प्रकार कधी पाहिलाच नव्हता.

रेडिओच्या बाबतीत सोपा मार्ग उघड होता: सगळ्यांना २.४ गिगाहर्ट्झ सक्तीचं करा, गोंधळ मिटला. आधुनिक सेट आपापली वाट शोधून घेतात, कुणाचा कुणाला त्रास नाही. पण काही जणांना मूळ २७ मेगाहर्ट्झचा सेटच वापरायचा होता, लांबलचक अँटेना ओढून. एका काकांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "ट्रान्समीटर बदलायचा असेल तर मी गाडी आणत नाही." मला त्यांचं पटलं. त्या गाडीचा निम्मा अनुभव त्या दोन काड्यांच्या ट्रान्समीटरमध्ये असतो.

मग जुनी पद्धत परत आणली. २७ मेगाहर्ट्झमध्ये फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलचे सहा रंग असतात: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. एकाच रंगाचे दोन ट्रान्समीटर एका वेळी चालू झाले की दुसऱ्याची गाडी बेभान होते. त्यावर उपाय म्हणजे फ्रिक्वेन्सी बोर्ड. एका फळीवर सहा रंगांचे चिमटे लावले. ज्याच्या हातात चिमटा, त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. हीट संपली की चिमटा परत. चिमट्याशिवाय ट्रान्समीटर चालू केला तर त्या फेरीचा निकाल रद्द, मग तो पिटमध्ये (गाड्या तयार करायच्या जागेत) नुसता सर्व्हो तपासत असला तरी. हीट पाडताना मी आधी रंग बघितले आणि मग बाकीचं. एकाच रंगाचे दोघे निघाले तर त्यांना वेगवेगळ्या हीटमध्ये टाकलं. सुटे क्रिस्टल जवळ असलेल्यांनी रंग बदलून दिले तेव्हा कोडं बरंच सुटलं. क्रिस्टल बदलताना ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हीकडचा बदलावा लागतो आणि दोन्ही वेगळे असतात, हे मात्र बजावून सांगावं लागतं.

ट्रॅकसाठी घट्ट दाबलेली माती आणि काही भागात बारीक कापलेलं गवत असं मैदान मिळालं. आजच्या ट्रॅकवर कडेला लाकडी फळ्या किंवा जाड प्लास्टिकचे पाईप पक्के ठोकलेले असतात. आम्ही बागेला पाणी घालायचा लवचीक पाईप अंथरला आणि अंतराअंतरावर मातीत अडकवला. गाडी आदळली तर पाईप सरकतो, आर्म वाचतो. मार्शलला पाईप पुन्हा जागेवर लावावा लागतो, एवढाच त्रास. सरळ पट्टा मुद्दाम आखूड ठेवला. उड्या होत्या, पण बसक्या, उतरताना लांब उतार असलेल्या. ट्रॅकची रुंदी तीन मीटरच्या आसपास, म्हणजे ओव्हरटेक करायला दुसऱ्याच्या अंगावर जावं लागत नाही.

येण्याआधी काय तपासावं याची एक टिपणीही सगळ्यांना पाठवली होती. त्यात नायलॉनचा मुद्दा सगळ्यांना नवा होता. नायलॉनचे भाग वर्षानुवर्षं कोरडे पडून ठिसूळ होतात. गरम पाण्यात काही काळ ठेवले की ओलावा शोषून पुन्हा लवचीक होतात. एबीएस प्लास्टिकला याचा उपयोग नाही, आणि जुन्या तामियाची बरीच चासिस एबीएसचीच आहेत. तिथे स्क्रूच्या भोकाभोवती केसासारखी चीर आहे का ते बघायचं, एवढंच आपल्या हातात. टायर दाबून बघायचे. रबर लाकडासारखं कडक झालं असेल तर ते टायर शोभेला ठेवायचे आणि धावायला नवे घालायचे.

मार्शलिंगचा नियम सगळीकडे असतो तोच: आपली हीट संपली की पुढच्या हीटला मार्शल म्हणून उभं राहायचं. जो गायब झाला त्याची सर्वोत्तम फेरी कापली. पण इथे गाडी उचलण्याचीही शिकवणी घ्यावी लागली. मागच्या विंगला धरायचं नाही, बॉडीला धरायचं नाही, दोन्ही बाजूंनी चासिसला धरायचं. आणि उलटलेल्या गाडीच्या मालकाने थ्रॉटल सोडायचा. फिरतं चाक मार्शलच्या बोटांना लागतं ते लागतंच, शिवाय गाडी जमिनीला टेकताक्षणी गिअरवर जो झटका बसतो तो या गाड्यांना सोसत नाही.

लॅप मोजायला गाडीत ओळखीचा इशारा पाठवणारे ट्रान्सपाँडर होते, ट्रॅकखाली वायरची लूप. ते रिसीव्हरला जोडतात आणि त्याच्याच विजेवर चालतात. एका गाडीत बॅटरी उतरत आली की व्होल्टेज इतकं पडायचं की ट्रान्सपाँडर बंद व्हायचा आणि शेवटचे लॅप नोंदलेच जायचे नाहीत. शेजारी कागद-पेन घेऊन लॅप लिहिणारी दोन माणसं बसवली होती, म्हणून निकाल लागला. पाच मिनिटांच्या फेऱ्या, त्यातली सर्वोत्तम धरून ए (वरच्या क्रमांकांची) आणि बी (त्यानंतरच्यांची) फायनल. सत्तरच्या दशकातल्या गाड्या नियमात बसत असल्या तरी त्यांना शर्यतीत घेतलंच नाही. त्यांच्यासाठी दुपारी एक प्रदर्शनी फेरी ठेवली. सँड स्कॉर्चरच्या मालकाने ती ओळीत सगळ्यात मागे, सगळ्यात संथ चालवली आणि त्याच्याकडे लोकांनी जितके मोबाईल रोखले तितके एकाही फायनलकडे रोखले नाहीत.

सगळ्यात चुरशीची फायनल पहिल्या वर्गाची झाली. सगळ्यांना एकच मोटर, सगळ्या गाड्या सारख्याच अवघड. हॉर्नेटचं मागचं चाक प्रत्येक वळणावर उचललं जातं, फ्रॉग मागून घसरते, त्यामुळे पुढे असलेला कधीच निश्चिंत नसतो. वेगवान गाड्यांच्या वर्गात पहिल्या दोन लॅपनंतर क्रम ठरून गेला होता.

सुंदर गाडीचं एक बक्षीस होतं. त्याची अट मीच घातली आणि त्यावर कुरबुरही झाली: किमान एक फेरी पूर्ण केलेलीच गाडी पात्र, आणि निवड फायनलनंतर, गाडी न पुसता. काचेच्या पेटीत आणलेली एक देखणी गाडी त्यामुळे बाद झाली. मालक नाराज झाले, पण ही अट पुढच्या वेळीही राहणार आहे.

बदलणार ते वेळापत्रक. २७ मेगाहर्ट्झवाल्यांच्या हीट दिवसभर विखुरल्यामुळे चिमट्यांच्या फळीपाशी सतत एक माणूस अडकून पडला. पुढच्या वेळी त्यांच्या हीट प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सलग ठेवायच्या, आणि तेवढ्या वेळात पिटमधला कुठलाही २७ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर टेबलावर जमा करून घ्यायचा.