तुम्ही विचारलंत म्हणून: जर्नलमधे इंटर्न नक्की करतात काय?

"तू त्या जर्नलमधे सहा महिने होतीस ना, मग तिथे काय, शुद्धलेखन तपासायचीस का?" हे मला आत्यापासून ते आमच्या डिपार्टमेंटच्या ज्युनियर मुलांपर्यंत सगळे विचारतात. दर वेळी घाईत काहीतरी उत्तर देते, आज नीट सांगते.

पुण्यातलं इतिहासाचं छोटं जर्नल, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लेख घेणारं. पहिला आठवडा नुसता नावं पुसण्यात गेला. म्हणजे लेख छापण्याआधी दोन रिव्ह्यूअरकडे (तो तपासणाऱ्या त्या विषयातल्या अभ्यासकांकडे) जातो, लेखक कोण हे त्यांना कळता कामा नये आणि ते कोण हे लेखकाला, त्यामुळे पहिल्या पानावरचं नाव तर काढायचंच, पण फाइलच्या प्रॉपर्टीजमधे लपलेलं नाव, आभारातले गाइड, "मी माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे" अशी वाक्यं, हे सगळं शोधायचं. रिव्ह्यूअरना याचे पैसे मिळत नाहीत, तरी काही जण चार-चार पानं सूचना लिहून पाठवायचे. ते वाचून मी जेवढं शिकले तेवढं एमएच्या दोन वर्षांत शिकले नव्हते, हे मनापासून सांगते.

मग फॉन्ट. जुन्या लेखकांच्या फाइली युनिकोडमधे नसायच्या, बदलून घेतल्या की जोडाक्षरं मोडायची आणि एका लेखात मठातल्या "आचाऱ्यांना" दिलेलं धान्य "आचार्यांना" दिलेलं झालं. स्वयंपाकी गेले आणि गुरू आले! दोन्ही शब्द बरोबर, स्पेलचेकला काही खटकणार नाही, ते डोळ्यांनीच सापडतं, तेही मूळ पीडीएफ शेजारी उघडी ठेवली तरच.

पण खरं काम मला कळलं ते तारखांमुळे. पेशवेकाळातल्या पत्रांवरचा एक लेख माझ्याकडे आला होता. पत्रांवर शके, लेखकाने शेजारी इसवी सन दिलेला. शकात ७८ मिळवले की सन येतो हे मला शाळेपासून माहीत, म्हणून मी एक एक तारीख पडताळत गेले. एका ठिकाणी माघ, शके १६८३ आणि पुढे १७६२. मी बेरीज केली, १७६१ आले, आणि ट्रॅक चेंजेस (केलेला बदल फाइलमधे दिसत राहतो ती सोय) लावून आकडा बदलून टाकला. अशा तीन जागा सुधारल्या आणि फाइल ताईंना पाठवली (आमच्या संपादकांना सगळे ताईच म्हणायचे).

त्यांनी मला बोलावलं आणि एवढंच विचारलं, "पानिपत कधी झालं गं?"

"१४ जानेवारी १७६१."

"आणि शके?"

पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. मी मनात ७८ मिळवले आणि १७६० आले, आणि माझे हातपाय गार पडले. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारी उजाडला की इंग्रजी वर्ष पुढे जातं आणि शक तोच राहतो, म्हणजे तिथून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. लेखक तिन्ही ठिकाणी बरोबर होते. त्यांनी आयुष्य मोडी कागदांत घालवलेलं, आणि मी न विचारता त्यांचं बरोबर असलेलं खोडलं होतं. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आकडा, नाव, अवतरण, याला आपण हात लावायचा नाही. शंका आली की समासात विचारायचं." याला ऑथर क्वेरी म्हणतात, आणि तीही अशी लिहायची की लेखकाला परत मूळ कागद उघडावासा वाटला पाहिजे, राग येता कामा नये.

मी सगळ्या तारखा पुन्हा बघितल्या. या वेळी खरोखरच एक जागा सापडली, फाल्गुन, शके १६८५, आणि सन दिलेला १७६३. नव्या हिशोबाने १७६४ हवा. हात शिवशिवत होते, पण आकडा तसाच ठेवला आणि समासात लिहिलं, "फाल्गुन असल्याने १७६४ येईल असं वाटतं, कृपया मूळ पत्र एकदा पाहाल का?"

चार दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी पत्राचा फोटो परत काढून बघितला होता. सन १७६३च बरोबर होता, चुकला होता तो महिना. पत्र श्रावणातलं होतं, त्यांच्या टिपणवहीत वरच्या ओळीतला फाल्गुन खाली उतरला होता. मी १७६४ केला असता तर चुकीच्या महिन्याला शोभेल असा चुकीचा सन छापला गेला असता, आणि तो पुन्हा कधी कुणाला खटकलाही नसता.

मेलच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, बाकीच्या तारखाही अशाच बघून द्याल का. त्या रात्री दहापर्यंत मी ऑफिसातच होते.