वॉल्टर व्हाइटला मिंधे व्हायचे नव्हते

‘ब्रेकिंग बॅड’ मी नुकतीच दुसऱ्यांदा पाहून संपवली. (पुढे शेवटच्या भागापर्यंतचे सारे सांगितले आहे, तेव्हा ज्यांची पाहायची राहिली असेल त्यांनी इथेच थांबावे.) व्हिन्स गिलिगन यांची ही मालिका २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वांत आणि ६२ भागांत प्रसारित झाली. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातला, वयाची पन्नाशी गाठलेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट याला फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि आपल्या माघारी कुटुंबाचे हाल होऊ नयेत म्हणून तो मेथ नावाचा अमली पदार्थ बनवू लागतो, अशी तिची कथा सगळेच सांगतात, आणि मीही ती इतकी वर्षे तशीच सांगत आलो. आता मात्र मला वाटते की आजार हे केवळ निमित्त आहे आणि कथेचा खरा सांधा पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात आहे.

त्या भागात वॉल्टर आणि स्कायलर हे नवराबायको एलियट श्वार्ट्झ याच्या वाढदिवसाला जातात. एलियट आणि वॉल्टर यांनी तरुणपणी मिळून ‘ग्रे मॅटर’ नावाची कंपनी काढली होती. श्वार्ट्झ म्हणजे जर्मनमध्ये काळा, व्हाइट म्हणजे पांढरा, आणि दोन्ही मिसळून करडा, असा त्या नावाचा उगम. वॉल्टरने आपला हिस्सा अवघ्या ५,००० डॉलरना विकला आणि पुढे ती कंपनी अब्जावधींची झाली. समारंभाला आलेल्यांच्या भारी भेटवस्तूंमध्ये वॉल्टरने आणलेले इन्स्टंट नूडल्सचे पाकीट उघडले जाते, तेव्हा तो अवघडून उभा असतो. एलियटला मात्र त्या पाकिटाने जुने दिवस आठवून मनापासून आनंद होतो. थोड्या वेळाने एलियट त्याला नोकरी देऊ करतो, आणि तिच्यासोबत चांगला आरोग्यविमाही. स्कायलरने आपल्या आजाराची गोष्ट त्याला सांगितली आहे, हे वॉल्टरच्या लक्षात येते आणि तो नकार देतो. पुढे एलियटची पत्नी ग्रेचन फोनवर पुन्हा विनवते, तेव्हा विम्याची सोय झाल्याचे खोटे सांगून तो फोन ठेवतो आणि थेट आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या, जेसी पिंकमनच्या दारात जाऊन पुन्हा माल बनवायचा का, असे विचारतो.

तोवर वॉल्टरच्या हातून दोन माणसे मेलेली असली, तरी तो या धंद्यातून बाहेर पडला होता, परतीची वाट मोकळी होती आणि उपचारांचा खर्च उचलायला माणसे स्वतःहून पुढे आली होती. गरज हे कारण त्या क्षणी उरलेच नव्हते.

पहिल्यांदा पाहताना मला तो नकार फार आवडला होता, ही कबुली द्यायला हवी. कुणाचे मिंधे व्हायचे नाही, हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की मदत नाकारणारा माणूस दिसला की आपण आधी त्याला मानी म्हणतो आणि त्या मानीपणाची किंमत कोण मोजणार आहे, हे विचारायचे राहून जाते. ब्रायन क्रॅन्स्टनचा अभिनय आपल्या याच सवयीचा फायदा उठवतो. त्याचा वॉल्टर ओशाळतो, खोकतो, गाड्या धुण्याच्या केंद्रावर स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाके पुसतो, आणि आपण त्याच्या बाजूला इतके झुकतो की दुसऱ्या पर्वात जेसीची प्रेयसी जेन त्याच्या डोळ्यांदेखत गुदमरून मरते आणि तो नुसता उभा राहतो, तेव्हाही आपण सबबी शोधू लागतो.

दुसऱ्या पर्वाच्या आरंभी तो घराचे कर्ज, मुलांचे शिक्षण आणि दहा वर्षांचा घरखर्च यांचा हिशेब मांडतो आणि आकडा येतो ७ लाख ३७ हजार डॉलर. तो आकडा कधीच मागे पडतो. पाचव्या पर्वात स्कायलर त्याला भाड्याच्या गोदामात नेऊन नोटांचा पलंगाएवढा ढीग दाखवते आणि आणखी किती हवे, असे विचारते; तो ढीग तिलाही मोजता आलेला नसतो. हा प्रश्न विचारणाऱ्या स्कायलरचाच प्रेक्षकांनी सर्वाधिक राग केला, इतका की अ‍ॅना गन या अभिनेत्रीला २०१३मध्ये त्याबद्दल वर्तमानपत्रात लेख लिहावा लागला. मीही तेव्हा तिच्यावर चिडलो होतो. दुसऱ्यांदा पाहताना मला त्या घरात हिशेब समजणारी ती एकटीच दिसली.

हे सारे आपण स्वतःसाठीच केले, असे तो शेवटच्या भागात स्कायलरसमोर मान्य करतो, आणि त्या दृश्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्याच भागातले आधीचे दृश्य अधिक बोचते. मुलाने त्याचे पैसे घ्यायला फोनवर साफ नकार दिलेला असतो. म्हणून वॉल्टर रात्री एलियट आणि ग्रेचन यांच्या घरात शिरतो, ९७ लाख २० हजार डॉलर त्यांच्यापुढे रचायला लावतो आणि मुलगा अठरा वर्षांचा झाला की ही रक्कम स्वतःची देणगी म्हणून त्याला द्या, असे धमकावून सांगतो. मुलाला ती कायम श्वार्ट्झ दांपत्याचीच मदत वाटणार, हे त्याला पुरते ठाऊक असते. तरीही निघण्यापूर्वी तो बजावतो की वकिलाचा आणि कराचा खर्च याच रकमेतून करायचा, तुमच्या पदरचा एक पैसाही यात घालायचा नाही.