प्रवास वाचला, पुढचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच: मानसिक आरोग्याचं संशोधन आता फोनवरून होतं, मग दवाखान्यापर्यंत न पोचणारी माणसं त्यात येणार ना?

बरीच येतात. नैराश्यात अंथरूण सुटत नाही, गर्दीची धास्ती वाटते, रजा मिळत नाही, अशांची खेप वाचते. जनुकं तपासायला लागणारी लाळेची नळीसुद्धा टपालाने जाते-येते. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही आणि फेस सोडून लाळ रेषेपर्यंत भरायची, एवढंच पथ्य. ब्रिटनमध्ये २०१८ साली सुरू झालेल्या ‘ग्लॅड’ अभ्यासात चिंता आणि नैराश्य असलेल्या हजारोंनी घरूनच नाव नोंदवलं. तरी त्यात स्त्रिया फार, पुरुष थोडे. गोरे आणि शिकलेलेच अधिक. अंतर मिटलं, बाकी अडसर जागेवर.

त्यातला एक फोनच. अभ्यासाचं ॲप फोनमधून माणसाची हालचाल नोंदवत असतं, पण कितीतरी अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारं ॲप गुपचूप बंद करतात. मग आलेखात तीन दिवस सपाट रेघ दिसते आणि वाटतं, माणूस अंथरुणातच होता. म्हणून नाव नोंदवतानाच त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढून घ्यावं, आणि ‘नोंद नाही’ व ‘हालचाल नाही’ यांना वेगळे कोड द्यावेत. एकच शून्य दोन्हीकडे टाकलं, की पुढचं सगळं गणित वाया.

फोन घरात एकच असेल तर नोटिफिकेशन सगळेच वाचतात. ‘नैराश्याची प्रश्नावली बाकी आहे’ असं कुलूपबंद स्क्रीनवर झळकलं, की तो माणूस दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकतो. ‘आजची नोंद बाकी आहे’ पुरतं.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली. तिच्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. उत्तर शून्याच्या, म्हणजे ‘अजिबात नाही’च्या, वर गेलं तर ते कोण पाहणार, किती वेळात? रात्री कुणी पाहत नसेल तर तसं प्रश्नाआधीच स्क्रीनवर लिहावं, शेजारी मदतीचा नंबर द्यावा. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न ‘आत्ता नेमके कुठे आहात?’ हाच असावा. कॉल तुटल्यावर मदत पाठवायला पत्ता लागतो.

मानधन जाहीर करून लिंक उघडी ठेवली, की खोटे सहभागी आलेच. ओळखपत्र मागितलं तर बुजणारे खरे लोक पळतात. त्यापेक्षा पाच मिनिटांचा फोन बरा.

सगळ्यात फसवी गोष्ट गळतीची. तब्येत बिघडली की माणूस उत्तरं देणं थांबवतो. उरतात बरे होत आलेले. त्यांची सरासरी काढली की उपचार गुणकारी दिसतात. दोन नोंदी चुकल्यावर तिसरं नोटिफिकेशन पाठवू नये, माणसाने फोन करावा. नऊ प्रश्न जड जात असतील तर पहिले दोनच विचारावेत, पीएचक्यू-२ म्हणतात ते. फक्त त्यात नववा प्रश्न नसतो. तो फोनवर वेगळा विचारावा लागतो.