तुम्ही विचारलंत म्हणून: तिघांना एका टेबलाशी बसवून हाती काय लागतं?

सरकार, कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था एकत्र आल्याने कारभार खरंच सुधारतो, की फोटो काढून सगळे पांगतात? हा प्रश्न वरचेवर येतो. तिघांपुढे पडताळून पाहता येईल असं ठरावीक काम असेल, तर सुधारतो. 'परस्पर सहकार्य' हे काम नव्हे. आकडे जुळवणं हे आहे.

तेल, वायू आणि खाणींच्या व्यवहारांत पारदर्शकता आणण्यासाठीच्या 'ईआयटीआय' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची (तत्त्वं ठरली २००३ साली, लंडनमध्ये) सुरुवातच तिथून झाली. कंपनी सांगते, इतकी रॉयल्टी आणि इतका कर भरला. सरकार सांगतं, इतका मिळाला. त्रयस्थ तपासनीस दोन्ही आकडे शेजारीशेजारी मांडतो आणि फरक तिन्ही पक्षांच्या समितीपुढे ठेवतो.

पहिल्या फेरीत फरक निघतोच, आणि दर वेळी तो चोरीचा नसतो. डिसेंबरात भरलेली रक्कम खजिन्यात जानेवारीत चढते. भरणा डॉलरमध्ये, नोंद स्थानिक चलनात, विनिमय दर भलत्याच दिवसाचा. उपकंपनीचा कर मूळ कंपनीच्या नावावर जमा झालेला. म्हणून कंपन्या आणि सरकारी कार्यालयांना आकडे भरायचे फॉर्म पाठवण्याआधीच लिहून घ्यायचं: कोणती देणी, कोणतं वर्ष, प्रत्यक्ष भरलेली रक्कम धरायची की देय असलेली, आणि किती फरक सोडून द्यायचा. जुळवणी करदाता क्रमांकावर करा, नावावर नको. एवढं करूनही जो फरक उरतो, त्यावर समितीने खरा वेळ घालवावा: कुठलं कार्यालय, कुठली पावती.

युक्रेनच्या 'प्रोझोरो' या सरकारी खरेदी प्रणालीत विभागणी वेगळी आहे. मध्यवर्ती माहितीसाठा सरकारचा, निविदा भरायची संकेतस्थळं खासगी, आणि संशयास्पद निविदांवर बोट ठेवणाऱ्या नागरी संघटना. तरीही अटीच एखाद्या पुरवठादाराच्या मापाने बेतल्या, तर ऑनलाइन लिलावाने काही साधत नाही. तांत्रिक अटी वाचणारा जाणकार संस्थांकडे हवाच.

सगळ्यात आधी डळमळते ती तिसरी खुर्ची. संस्थांचा प्रतिनिधी मंत्रालयाने नेमला, की समिती शोभेची झाली. नागरी संघटनांवरच्या निर्बंधांवरून २०१७ मध्ये ईआयटीआयने अझरबैजानचं सदस्यत्व स्थगित केलं, तेव्हा तो देश बाहेरच पडला. नियमाला दात असले की असंही होतं. प्रतिनिधी संस्थांनीच निवडावेत, त्यांचा प्रवासखर्च कोण देणार हे जाहीर असावं, आणि तक्रारीला किती दिवसांत कोणत्या पदाचा अधिकारी उत्तर देईल, हे तिघांमधल्या करारातच लिहिलेलं असावं. 'लवकरात लवकर' हा शब्दप्रयोग मसुद्यात दिसला, तर तो खोडून तिथे दिवसांचा आकडा घाला.