आमची वाटचाल : खोबऱ्याच्या मशाली ते बालीतला पाडवा

2014 साली डोंबिवलीत घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून मी आणि मिसेसनी टूर्सचं काम सुरू केलं. अष्टविनायक, गणपतीपुळे, सगळे करतात तेच. 2016 ला पहिल्यांदा अकरा जणांना घेऊन श्रीलंकेला गेलो, कँडी शहराचा एसला पेराहेरा, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या अवशेषाची मिरवणूक बघायला, आणि तिथे पोचल्यावर कळलं की एजंटला पैसे भरून ज्या खुर्च्या बुक केल्या होत्या त्या खुर्च्याच नाहीयेत. माझे हातपायच गळाले. ग्रुपमधे सत्तरीचे काका, गुडघेदुखीवाल्या दोन मावश्या. शेवटी दुपारपासून फूटपाथवर चादरी टाकून बसलो, शेजारच्या सिंहली कुटुंबाने सरकून जागा दिली आणि त्यांच्या आजींनी स्वतःची चटई मावश्यांना दिली.

अंधार पडला आणि आधी चाबूक कडाडले, मागून मशाली आल्या. त्यात सुकं खोबरं जाळतात, त्यामुळे अख्ख्या रस्त्यावर खोबऱ्याचा वास, आणि ढोल तर असे की छातीत वाजतात. दहा रात्री चालतो हा सोहळा, शेवटच्या पाच रात्री रंदोलीच्या, रन म्हणजे सोनं आणि डोली आपलीच. दंतधातूचा, म्हणजे त्या दाताचा करंडा पाठीवर घेतलेला हत्ती आला तेव्हा त्याच्यापुढे पांढरं कापड अंथरत होते, मावशी एकदम म्हणाल्या, "अगं बाई, पायघड्या!" काकांनी चपला काढून हात जोडले. मागून नाथ, विष्णू, कतरगम म्हणजे आपला कार्तिकेय, आणि पत्तिनी देवी, अशा चार देवळांच्या मिरवणुका.

त्या रात्रीनंतर आमचं ठरलं, आधी सणाची तारीख बघायची आणि मग विमानाचं तिकीट. या तारखा पौर्णिमेवर, अमावस्येवर फिरतात, त्यामुळे दरवर्षी गणित नव्याने मांडावं लागतं, पण आम्हाला हेच काम आवडतं.

2019 च्या ईस्टरला कोलंबोत स्फोट झाले, त्या वर्षीची टूर कॅन्सल, सगळ्यांचे पैसे परत केले. मग लॉकडाऊन, मिसेसनी डबे केले म्हणून घर चाललं. 2022 ला श्रीलंकेत पेट्रोलच्या रांगा.

2023 ला बालीला गेलो, न्येपीसाठी, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या शांततेच्या दिवसासाठी. त्यांचं पण शक संवत्सर आहे, त्या वर्षी 22 मार्चला त्यांचंही 1945 लागलं आणि आपलाही पाडवा त्याच दिवशी. आदल्या रात्री ओगोह-ओगोह, बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यावर नाचवत नेतात, आणि सकाळी सहापासून चोवीस तास सगळं बंद, एअरपोर्टसुद्धा, रस्त्यावर फक्त पेचालांग म्हणजे गावचे राखणदार. हॉटेलच्या बाहेर पडायचं नाही, दिवे लावायचे नाहीत. माळीदादांना आधीच विचारून ठेवलं होतं, त्यांनी इंतारानचा पाला आणून दिला, चावून बघितला तर कडूजहर, आपला कडुलिंबच! आतल्या अंगणात छोटी गुढी उभारली, आरती मनातल्या मनात म्हटली. रात्री इतक्या चांदण्या दिसल्या की कोणी झोपायलाच जाईना.

दोन्ही सण दरवर्षी जुळत नाहीत, 2024 ला जवळपास महिन्याचा फरक होता. 2026 ला मात्र परत दोन्ही 19 मार्चलाच. ग्रुप सोळा जणांचाच ठेवतो, आणि पहिल्याच मीटिंगला सांगतो की एक पूर्ण दिवस कुठेही जायचं नाहीये, त्या दिवसासाठीच आपण चाललोय.