त-ग-डक्, आणि मग काहीच नाही

मराठीत घोडा पळाला की तो 'तगडक् तगडक्' पळतो. हा शब्द ज्याने कुणी पहिल्यांदा काढला त्याचा कान भलताच तयार असणार. त, ग, डक्. तीन टापा, आणि त्यानंतर एक इवलीशी रिकामी जागा. त्या जागेत घोड्याचे चारही पाय हवेत असतात. कँटर तो हाच. साध्या चालीला चार ठोके, दुडकीला दोन, आणि कँटरला तीन ठोके अधिक एक शांतता.

माझ्या गोट्याच्या कँटरमधून ती शांतता हरवली होती आणि मला दीड वर्ष त्याचा पत्ताच नव्हता.

गोट्याचं कागदोपत्री नाव भारदस्त आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो कानही हलवत नाही. तेरा वर्षांचा, तपकिरी, पुठ्ठ्याने रुंद आणि स्वभावाने भिडस्त. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या चालींना गुण देणाऱ्या स्पर्धेत दुडकीवर त्याला दहापैकी ६.५, कधी ७ गुण मिळायचे. कँटर सुरू झाला की गुणपत्रिकेत ५, ५, ४.५ अशी उतरंड. शेजारी शेरा: 'चार ठोके पडतात'. पहिल्यांदा मी परीक्षकांनाच नावं ठेवली. दुसऱ्या स्पर्धेत दुसऱ्या परीक्षकांनी तेच लिहिलं, तेव्हा मुकाट्याने मैत्रिणीला फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगितलं.

डाव्या लीडवर, म्हणजे डावा पुढचा पाय आघाडीवर असताना, घोडा आधी उजवा मागचा पाय टेकवतो. मग डावा मागचा आणि उजवा पुढचा हे दोन्ही एकदम. मग डावा पुढचा. आणि मग उड्डाण. गोट्याच्या चित्रणात ती मधली जोडी फुटलेली होती: मागचा पाय आधी टेकत होता, पुढचा त्याच्यामागून रेंगाळत येत होता. त-ग-ड-क. चारही अक्षरं सुटी, आणि शेवटी श्वास घ्यायला जागा नाही. पुढच्या पायांनी दुडकी आणि मागच्या पायांनी फेरफटका, असं काहीसं ते दिसत होतं. मी वर बसून अगदी समाधानी चेहऱ्याने पुढे बघत होते, हे त्यातलं सर्वात वाईट दृश्य.

दुखणं आहे का ते आधी तपासून घेतलं. पाठ, दात, नाल, खोगीर, मागचे सांधे, सगळं ठीक निघालं. म्हणजे उरले मी.

झालं काय होतं, तर मला कलेक्शनची, म्हणजे घोड्याला गोळा करून उडी आखूड पण उंच करण्याची घाई झाली होती. कलेक्टेड कँटर म्हणजे हळू कँटर, असं मी मनात धरून बसले होते. हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की लाज वाटायचं खरं तर कारण नाही, पण वाटते. कलेक्टेड असो, वर्किंग (नेहमीचा) असो की एक्स्टेंडेड (लांब उडीचा), ठेक्याचा वेग साधारण तोच राहायला हवा. बदलते ती उडीची लांबी आणि उंची. मी चित्रणावरून मोजलं: गोट्या मोकळा सोडल्यावर मिनिटाला ९७ उड्या घेत होता, आणि माझ्या त्या 'कलेक्टेड' अवतारात ८८. मी त्याला गोळा केलं नव्हतं, नुसतं विझवलं होतं.

सरांना चित्रण दाखवलं. त्यांनी एकदाच पाहिलं, फोन परत दिला आणि म्हणाले, "आतल्या हाताने आयाळ धर."

"म्हणजे लगाम सोडू?"

"लगाम हातात राहू दे. मुठीत आयाळही घे. आणि निघ."

२० मीटरचं वर्तुळ, डावा हात आयाळीत रुतलेला. मी बाहेरचा पाय तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) किंचित मागे नेला आणि गोट्या निघाला. पहिल्याच उडीत माझं कोपर खांद्यापासून ओढलं गेलं, पुढे आणि खाली, मग परत. दुसऱ्या उडीत पुन्हा. कँटरमध्ये घोडा प्रत्येक उडीला मान पुढे-खाली नेतो हे मी वाचलेलं होतं, दुसऱ्यांना सांगितलेलंही होतं. पण माझं स्वतःचं कोपर किती लांब जायला हवं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुरती एक वीत. मी इतके दिवस फार तर दोन बोटं जाऊ देत होते, आणि उरलेल्या अंतरात प्रत्येक उडीला गोट्याच्या तोंडात लगामाचा खटका बसत होता. तोही बिचारा शहाणा. मान पुढे न्यायची सोय नाही म्हटल्यावर त्याने उडीच छोटी करून टाकली.

चौथ्या की पाचव्या उडीला माझ्या कानावर आलं: त-ग-डक्... आणि काहीच नाही. मग परत त-ग-डक्. त्या 'काहीच नाही'त खोगीर मला खालून अलगद वर उचलत होतं.

पण हे टिकलं किती? सहा उड्या. सातव्याला चार ठोके परत हजर. मी पाय मारून त्याला पुढे ढकलायला गेले तर सर ओरडले, "आता कशाला? गेला तो. चालीवर आण." पुढचे तीन महिने आम्ही एवढंच केलं, हे लिहिताना मलाच कंटाळवाणं वाटतंय. चालीवरून कँटर, सहा उड्या, परत चाल. जरा दम, सरळ मान, पुन्हा कँटर. बिघडायच्या आधी थांबायचं. बिघडल्यावर थांबलं तर घोड्याच्या लेखी थांबणं हे बिघडण्याचं बक्षीस ठरतं. आधी थांबलं तर पुढच्या वेळी तो त्या चांगल्या उडीचा शोध घेत निघतो. माझ्या मते तरी असंच आहे. गोट्याला विचारायची सोय नाही.

या खटाटोपात खरी मेहनत निघण्यात होती. पहिलं पाऊल बाहेरच्या मागच्या पायाचं, त्यामुळे तो पाय जमिनीत रुतून वर ढकलतोय की नुसता मागून घसटत येतोय, यावर पुढच्या सहाही उड्या ठरतात. चालीतच तो झोपाळू असेल तर मी आता कँटर मागतच नाही. आधी दोनदा हाफ-हॉल्ट (क्षणभर आवरून लक्ष वेधण्याचा इशारा), आतल्या पायाने जागं करणं, बाहेरच्या लगामावर पाठिंबा, आणि कान माझ्याकडे वळले की मग. इशारा मात्र एकदाच, स्पष्ट. पूर्वी मी निघताना पुढे झुकून आतल्या बाजूला खाली बघायचे, योग्य लीड आली का ते तपासायला. म्हणजे ज्या खांद्याने वर उठायचं त्याच खांद्यावर माझं ५८ किलोंचं ओझं. आता बघत नाही. चुकीची लीड आली तर मांडीला कळतंच.

मग बुचासारखा दुसरा वांधा वर तरंगला: वाकडेपणा. कँटरमध्ये जवळजवळ प्रत्येक घोडा पुठ्ठा आत टाकतो, आणि त्याचं अर्धं कारण त्याच्या देहातच आहे. खांदे अरुंद, पुठ्ठा रुंद. कडेच्या कुंपणाला बाहेरचा खांदा समांतर ठेवला की पुठ्ठा आपोआप आत सरकतो. मी पायाने पुठ्ठा बाहेर ढकलायला जायचे आणि तो गोंधळून लीड बदलायचा. उपाय उलटा आहे. पुठ्ठ्याला हात लावायचा नाही, खांदे एक चिमूट आत आणून पुठ्ठ्याच्या पुढ्यात ठेवायचे. शोल्डर-फोर म्हणतात ते हेच. चिमूट म्हणजे खरोखर चिमूट, नाहीतर मान वळते आणि खांदा बाहेर निसटतो. हे बाहेरच्या लगामाने होतं, आणि आतला हात... हो, परत तोच हात. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोनदा तरी मी तो मानेवरून पुढे सरकवून दोन-तीन उड्या लगाम ढिला सोडते. घोडा सरळ आणि स्वतःच्या तोलात असेल तर काहीच बदलत नाही. आत कोसळला तर मी त्याला हाताने तोलून धरत होते, हे उघड्यावर येतं. इतकी प्रामाणिक चाचणी दुसरी नाही.

जमिनीवरच्या दांड्यांनीही मदत केली. तीन दांड्या, तीन-तीन मीटरवर. पहिल्या दिवशी दुसऱ्या दांडीला खूर लागला, त्याने फुस्स केलं, तिसरी मात्र अशी ओलांडली की मी आयाळीवर पडता पडता राहिले. पण दांडी घोड्याला जे सांगते ते मी पायाने सात जन्मात सांगू शकणार नाही: पाय उचल, हवेत थोडा थांब. हवेत थांबण्याची ती सवय दांड्या काढल्यावर दोन-तीन उड्या उरते. आणि दोन-तीन आम्हाला पुष्कळ होत्या.

काउंटर कँटरच्या, म्हणजे मुद्दाम बाहेरच्या लीडवर वळण घेण्याच्या नादी मात्र मी फार लवकर लागले. वाचलं होतं की त्याने सरळपणा येतो. येतो, पण सरळपणाचा पाया आधी असेल तर. गोट्याने कोपऱ्यात पुढून लीड बदलली, मागून नाही, आणि आम्ही अर्धी लांब बाजू तीनपायी स्टुलासारखे डगमगत गेलो. ते प्रकरण सध्या बासनात.

कँटरमध्ये घोड्याचा श्वास उडीला बांधलेला असतो, एका उडीला एक, हे तुम्ही ऐकलं असेल. पुढचे पाय टेकले की उच्छ्वास. एका सकाळी वारा नव्हता, मैदानात आम्ही दोघंच होतो, आणि गोट्या प्रत्येक 'डक्'ला नाकाने फुर्र करत होता. त-ग-फुर्र. घड्याळासारखं. त्या दिवसापासून मी ठोके मोजायचं सोडलं, फुर्र मोजते.

डाव्या लीडवर आता वर्तुळभर टिकतो. उजवीकडे आमचं दोघांचंही अंग कच्चं आहे. तिथे अजून नऊवर अडकलो होतो. परवा अकरा झाल्या. बाराव्याला चालीवर आणायचं ठरलेलं होतं, पण मी मोजण्यात इतकी रंगले की इशारा द्यायचं विसरले. तेराव्याला तो आपण होऊन चालीवर आला.