धूर बाहेर, ऊब घरात : आमची वाटचाल

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांसाठी धुराडी, हवेचे डक्ट आणि भट्ट्यांचे सुटे भाग बनवणे हा वडिलांनी वागळे इस्टेटमध्ये सुरू केलेल्या आमच्या वर्कशॉपचा मूळ व्यवसाय होता, आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्या जोडीला पाणी तापवण्याचे पत्र्याचे बंबही तेथे तयार होत असत. पुढे त्या पट्ट्यातील अनेक कारखाने बंद झाले किंवा अन्यत्र गेले, त्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली आणि धुराड्यांची कामे आटत गेली. आज त्याच शेडमध्ये आम्ही घर उबदार ठेवणाऱ्या बंदिस्त फायरप्लेस आणि लाकडावर चालणाऱ्या शेगड्या बनवतो. ठाण्यात पंखा बंद करण्याची वेळ वर्षातून क्वचितच येत असल्याने हा व्यवसाय येथे कसा, असे अनेकजण विचारतात. आमचे ग्राहक महाबळेश्वर, पाचगणी, कुन्नूर, मनाली आणि लेह येथे आहेत. मात्र पत्रा कापणारे, वाकवणारे आणि त्यावर सफाईदार वेल्डिंग करणारे हात ठाण्यात आहेत, आणि म्हणून आम्हीही येथेच आहोत.

या दिशेने वळण्यास निमित्त ठरले ते महाबळेश्वरच्या एका जुन्या बंगल्यातील फायरप्लेसच्या दुरुस्तीचे काम. वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तशा थंडीतही त्या घरातील मंडळी फायरप्लेस पेटवत नसत, कारण पेटवली की सगळा धूर दिवाणखान्यात भरत असे. वडिलांनी तोंडाची आणि धुराड्याची मापे घेतली तेव्हा कारण उघड झाले. उघड्या फायरप्लेसच्या तोंडाचे जे क्षेत्रफळ असते, त्याच्या साधारण एक दशांश तरी धुराड्याच्या आतल्या पोकळीचे क्षेत्रफळ असावे लागते. तेथे तोंड शोभेसाठी नंतर कधीतरी मोठे केलेले होते आणि धुराडे मूळचेच राहिले होते. आम्ही तोंड कमी केले, आतल्या बाजूच्या भिंती तिरक्या करून घेतल्या, विस्तवाच्या वर जेथे धुराडे सुरू होते तो गळ्याचा भाग अरुंद आणि गुळगुळीत केला. ही रचना आमची नव्हे. काउंट रम्फर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्पसन यांनी १७९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ती मांडली, आणि सव्वादोनशे वर्षांनंतरही उघड्या फायरप्लेससाठी तिच्याहून फार चांगले काही सुचवता येत नाही.

धूर थांबला, आणि तरीही खोली म्हणावी तशी तापली नाही. विस्तवासमोर बसणाऱ्याच्या गुडघ्यांना चटका बसत होता आणि पाठ गारच राहत होती. उघडी फायरप्लेस स्वतःला लागते त्याहून कितीतरी अधिक हवा खोलीतून ओढून धुराड्यावाटे बाहेर टाकते आणि तेवढीच थंड हवा दारे-खिडक्यांच्या फटींतून आत येते. लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम दहा ते पंधरा टक्के उष्णता घराच्या वाट्याला येते. वडिलांना हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही, कारण बंबाचे सगळे तत्त्वच या प्रश्नाचे उत्तर आहे. बंबात विस्तवाचा धूर मधल्या नळीतून वर जातो आणि जाता जाता सभोवतालच्या पाण्याला आपली उष्णता देतो. नळी नसती आणि नुसता जाळ खाली पेटवला असता, तर तेच पाणी तापायला दुप्पट सरपण लागले असते. घराच्या बाबतीत पाण्याच्या जागी खोलीतील हवा आहे, एवढाच फरक. आमच्या पहिल्या बंदिस्त शेगडीचा आराखडा याच विचारातून निघाला.

बंदिस्त शेगडीत आत जाणारी हवा मोजून देता येते, आणि खरे काम तेथेच होते. लाकूड तापले की त्यातून प्रथम ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि लाकडातील उष्णतेचा मोठा भाग या वायूंतच असतो. ते पूर्ण जळण्यासाठी सुमारे सहाशे अंश सेल्सिअस तापमान आणि योग्य जागी पुरवलेली ताजी हवा लागते. यांपैकी एकाची जरी उणीव राहिली तर तेच वायू धूर होऊन निघून जातात आणि वाटेत धुराड्याच्या थंड भागावर डांबरासारखे चिकटतात. म्हणून आम्ही ज्वलनकक्षाला आतून फायर ब्रिकचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या विटांचे, अस्तर देतो, म्हणजे कक्ष लवकर तापतो आणि तापलेला राहतो, आणि वरच्या बाजूने छिद्रांची एक पट्टी ठेवून दुय्यम हवा, म्हणजे हे वायू जाळण्यासाठी लागणारी ताजी हवा, सोडतो. दाराला साधी टफन्ड काच न लावता सिरॅमिक काच लावतो, कारण ती तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही. नीट वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण चार युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या बंदिस्त शेगडीत त्यातील पावणेतीन युनिटांच्या आसपास घराला मिळते, तर उघड्या फायरप्लेसमध्ये अर्धे युनिट मिळाले तरी पुष्कळ. ग्राहकाने हा हिशेब एकदा समजून घेतला की जाळ किती मोठा दिसेल हा प्रश्न सहसा तो पुन्हा विचारत नाही.

लेहहून पहिली मागणी आली तेव्हा आमच्यासमोर वेगळाच विषय उभा राहिला. तेथे आणि काश्मीरमध्येही पातळ पत्र्याची बुखारी खोलीच्या मधोमध ठेवून तिचा पाइप खोलीतूनच लांबवर नेण्याची पद्धत आहे. ती मला मनापासून आवडते, कारण पाइपही खोली तापवतो. तिची अडचण एवढीच की पत्रा लवकर जळून जातो आणि लांब पाइपात थंड झालेला धूर डांबर सोडतो. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर असल्यामुळे हवा ठाण्याच्या मानाने जवळपास दोन तृतीयांश इतकीच दाट असते. ठाण्यात तपासलेली शेगडी तेथे ओढ धरील का, म्हणजे बाहेरची दाट हवा आणि धुराड्यातील हलके वायू यांच्या घनतेतील फरकाने धूर वर खेचला जाईल का, ही शंका रास्त होती. कागदावर हिशेब केला तेव्हा असे दिसले की धुराड्यातील वायू दोनशे अंशांवर असतील, तर ३५ अंश तापमानाच्या ठाण्यात बाहेरच्या आणि आतल्या हवेच्या घनतेत जेवढा फरक पडतो, तेवढाच जवळजवळ उणे दहा अंशांच्या लेहमध्येही पडतो. थंडीने जे मिळते ते विरळ हवेने जाते, आणि म्हणून ओढीच्या बाबतीत ठाण्याचा मे महिना ही आमच्यासाठी विश्वासार्ह कसोटी ठरते. ज्वलनासाठी लागणारा प्राणवायू मात्र तेवढ्याच आकारमानाच्या हवेत कमी असतो, त्यामुळे उंचावरच्या घरांसाठी हवेची छिद्रे आम्ही मोठी ठेवतो.

आमचा हंगाम पावसाळ्याचा आहे. लेहला जाणाऱ्या खिंडी हिवाळ्यात बर्फाने अडतात, त्यामुळे तिकडचा माल सप्टेंबरमध्ये ठाण्यातून निघावाच लागतो, आणि तो बनतो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे कापलेल्या माइल्ड स्टीलवर रात्रीतून तांबूस गंज चढतो त्या दिवसांत. वेल्डिंग पुरे होताच ग्राइंडिंग आणि त्याच दिवशी रंग, हा नियम आम्ही कधी मोडत नाही. उष्णतारोधक सिलिकॉन रंग पहिल्यांदा तापताना उग्र वास सोडतो आणि त्यानंतरच पक्का होतो. तो वास ग्राहकाच्या घरात नको म्हणून प्रत्येक शेगडी वर्कशॉपच्या मागच्या पडवीत पूर्ण तापवूनच आम्ही बांधतो. बाहेर पाऊस आणि आत पेटलेल्या शेगड्या, अशा घामाघूम अवस्थेत आमचे कारागीर जे नेटके काम करतात, त्याबद्दल मला त्यांचा अतिशय आदर वाटतो.

मधल्या काळात घरेही बदलली. २०२० नंतर पाचगणी आणि महाबळेश्वर येथील बंगल्यांत काही कुटुंबे महिनोन्‌महिने राहू लागली, त्यांनी घट्ट बसणाऱ्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि स्वयंपाकघरात जोरदार एक्झॉस्ट पंखे लावून घेतले, आणि मग शेगडीचा धूर अधूनमधून उलटा घरात येत असल्याच्या तक्रारी आल्या. अशा घरात पंखा सुरू झाला की त्याला बाहेरून हवा मिळत नाही आणि तो धुराड्यातूनच खाली हवा ओढतो. यावर धुराडे उंच करणे हा पूर्ण उपाय नाही. शेगडीला बाहेरच्या भिंतीतून स्वतंत्र हवेचा पाइप द्यावा लागतो, आणि नव्या कामात तो आम्ही पहिल्यापासूनच धरतो. त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवल्याशिवाय आम्ही काम पूर्ण झाल्याचे लिहून देत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. येथे काटकसर करू पाहणाऱ्या ग्राहकाशी आम्ही वाद घालतो आणि वेळ पडल्यास काम सोडून देतो.

लाकडाबद्दलही आम्ही तितकेच आग्रही आहोत. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचेच असते. ते पाणी उडवण्यात उष्णता खर्च होते हे खरे, पण त्याहून मोठे नुकसान असे की कक्षाचे तापमान खाली येते आणि वायू न जळताच निघून जातात. बाभूळ, सुरू किंवा निलगिरी, लाकूड कोणतेही असो, ते फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळे ठेवून, ओलावा वीस टक्क्यांखाली येईपर्यंत वाळवावे. प्लायवूड आणि रंगवलेले लाकूड शेगडीत कधीही घालू नये. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि राज्यात १९६४ पासून वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदाही आहे, म्हणून जळण कोठून येणार हे ग्राहकाला आम्ही मागणी घेतानाच विचारतो. कमी लाकडात घर तापवता येणे हे आमच्या मालाचे वैशिष्ट्य असेल, तर तेथील झाडांची काळजी आम्हाला असलीच पाहिजे.

गेल्या काही वर्षांत आम्ही पाचगणीतील स्थानिक तरुणांना धुराडे साफ करण्याचे शिक्षण देऊ लागलो आहोत. तिकडच्या पावसात ओली झालेली काजळी आम्लधर्मी होऊन पोलाद खाते, आणि पावसाळ्यात बंद राहिलेल्या धुराड्याच्या टोपीत गांधीलमाश्या पोळे करतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये, पहिला जाळ पेटवण्याआधी, ब्रश वरून खाली फिरवून, टोपी उघडून आणि दाराची फट बंद ठेवणारी दोरी-गॅस्केट तपासून घ्यावी लागते. काजळी खरवडल्यावर चकचकीत, काचेसारखा थर निघाला तर त्या घरात ओले लाकूड जळत आहे किंवा हवेची झडप रात्रभर पूर्ण बंद राहत आहे असे समजावे, आणि तसे त्या कुटुंबाला तेथेच समजावून सांगावे, एवढी जबाबदारी आम्ही या मुलांवर सोपवली आहे. हे काम ते आता ठाण्याहून कोणीही न जाता करतात.